सातवे कारण : न टिकणाऱ्या संसाराचा इतिहास आणि आपला समाज

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत घटस्फोटावर लेख कशाला, असा प्रश्न काही उपासक-उपासिकांच्या मनात येईल. विहारात मंगल परिणय होतात, बाळांची नामकरणे होतात, पुण्यानुमोदनाचे कार्यक्रम होतात. त्यावर लिहावे, चांगल्या दिवशी मोडतोडीची भाषा नको, असे आपल्या माणसांना वाटणे साहजिक आहे. परंतु ज्या विहारात त्रिसरण-पंचशील घेऊन लग्न लागते, त्याच विहाराच्या कमिटीपुढे पुढे कधीतरी मुलीचा बाप येतो आणि "काहीतरी मार्ग काढा, पोरीला तिकडं जीव नकोसा झालाय" असे म्हणतो, हेही तितकेच खरे आहे. जो समाज लग्ने लावतो त्याला मोडलेल्या लग्नाचा इतिहासही ठाऊक असला पाहिजे.

आणि हा इतिहास आपल्याला परका नाही. परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या हिंदू कोड बिलापायी मंत्रिपद सोडले, ते सभागृहापुढे मांडताना त्यांनी घटस्फोटाची सात कारणे सांगितली होती. त्यांतले सातवे कारण होते क्रूर वागणूक, आपल्या साध्या भाषेत छळ. १९५५ साली कायदा झाला तेव्हा घटस्फोटाच्या यादीतून हे सातवे कारण गाळले गेले. ते परत यायला १९७६ साल उजाडले. हे कारण कोणी मागितले, कोणी अडवले आणि आज डहाणू-तलासरीच्या घरांत त्याचा उपयोग कसा होतो वा का होत नाही, एवढेच आम्हाला सांगायचे आहे.

काडी मोडायची ती पंचांपुढे

घटस्फोट म्हणजे विलायती फॅशन, शिकलेल्या बायकांचे खूळ, असे बोलणारे आजही भेटतात. त्यांनी आपल्याच भाषेतले शब्द आठवावेत. काडीमोड, सोडचिठ्ठी, फारकत, पाट, मोहतूर हे शब्द काही इंग्रजांनी आणलेले नाहीत. पंचांपुढे काडी मोडायची, म्हणजे संबंध तुटला. यावरूनच काडीमोड हा शब्द रूढ झाला. महाराष्ट्रातल्या कष्टकरी जातींत, आणि त्यांत आपले पूर्वजही आले, नवरा-बायकोचे जुळत नसेल तर पंच बसत, देण्याघेण्याचा हिशेब होई, दंड भरला जाई, आणि बाईला दुसरा घरोबा करता येई. त्याला पाट लावणे म्हणत. 'लग्न हा जन्मोजन्मीचा संस्कार, तो मोडताच येत नाही' हा नियम वरच्या जातींच्या शास्त्राचा होता. शेतात, खाणीत, गिरणीत राबणाऱ्यांचा तो नव्हता.

पण या रूढीला सोन्याचा मुलामा देण्याचेही कारण नाही. पंच म्हणजे सगळे पुरुष. नवऱ्याने सोडले तर बाई सुटली. बाईला सुटायचे असेल तर नवऱ्याची मर्जी, नाहीतर दंडाची रक्कम. ज्या बाईचा बाप गरीब, तिची काडी कोणी मोडायची? मार खाणे हे सोडचिठ्ठीला पुरेसे कारण मानायचे की नाही, हे पंचांच्या मनावर. म्हणजे दार होते, पण त्याची कडी आतल्या बाजूला नव्हती.

पुढे इंग्रजी न्यायालये आली आणि त्यांनी हे दारही अरुंद केले. १८७६ साली मुंबई उच्च न्यायालयाने संभू रघू प्रकरणात सांगितले की, लग्न रद्द ठरवण्याचा किंवा नवरा जिवंत असताना बाईला दुसऱ्या लग्नाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार न्यायालय मानणार नाही. जातपंचायतीचा अधिकार गेला याचे दुःख करण्याचे कारण नाही. पण तिच्या जागी दुसरा मार्ग मात्र दिला नाही. जुने बंद, नवे नाही, अशा अवस्थेत बाई अडकली.

रखमाबाईंचा खटला

या अवस्थेचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे मुंबईच्या रखमाबाईंचा खटला. त्या सुतार समाजातल्या. जन्म १८६४ चा. वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लावून दिले. रखमाबाई आईकडे, सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी राहून वाचायला-लिहायला शिकल्या आणि नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही असे त्यांनी ठाम सांगितले. १८८४ साली दादाजींनी उच्च न्यायालयात बायकोला नांदायला पाठवा म्हणून दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. अपिलात तो निकाल फिरला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की एक महिन्याच्या आत नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंचे म्हणणे होते, तुरुंग पत्करीन.

शेवटी १८८८ साली दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. रखमाबाई लंडनला गेल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या, आणि नंतर सुरत व राजकोट येथे त्यांनी अनेक वर्षे बायकांचे दवाखाने सांभाळले. मुंबईहून सुरतेला जाणारी गाडी आपल्या डहाणू रोडवरूनच जाते. ज्या बाईला नको असलेल्या घरात कोंडण्यासाठी अख्खे न्यायालय उभे राहिले, ती बाई डॉक्टर होऊन याच रुळांवरून शेकडो बायकांची बाळंतपणे करायला गेली, हे आपल्या मुलींना सांगण्याजोगे आहे. नांदायला न गेल्याबद्दल तुरुंगात टाकण्याची तरतूद १९२३ साली कायद्यातून गेली. 'नांदायला पाठवा' हा दावा मात्र हिंदू विवाह कायद्याच्या कलम ९ मध्ये आजही शिल्लक आहे.

नागपूरच्या बायकांनी काय मागितले

आता एक गोष्ट अशी सांगतो, जी आपल्यातल्या पुष्कळांना माहीत नसते. हिंदू कोड बिल बाबासाहेबांनी मांडले हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच्या आधीच, २० जुलै १९४२ रोजी, नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली होती. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. हजारो बाया आल्या होत्या. बाबासाहेब त्या परिषदेत बोलले. बाईने नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीच्या नात्याने उभे राहावे आणि गुलाम होण्यास नकार द्यावा, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. आणि त्या परिषदेने जे ठराव केले त्यांत बायकोला कायद्याने घटस्फोटाचा हक्क मिळावा आणि एकापेक्षा जास्त बायका करण्याची चाल बंद व्हावी, हे ठराव होते. त्यांच्याच जोडीला कामगार स्त्रियांच्या रजेचे आणि सोयींचे ठराव होते. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक लिहून हा इतिहास उजेडात आणला.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. ज्यांच्या समाजात काडीमोडीची रूढी होती, त्याच बायकांनी कायद्याचा हक्क मागितला. का? कारण रूढीने मिळते ती परवानगी. कायद्याने मिळतो तो हक्क. परवानगी देणारा ती नाकारूही शकतो.

९ एप्रिल १९४८

मुंबई प्रांताने त्या काळात दोन पावले टाकली होती. १९४६ साली हिंदूंच्या द्विभार्या विवाहाला बंदी करणारा कायदा झाला आणि १९४७ साली हिंदू घटस्फोटाचा कायदा झाला. ठाणे जिल्हा मुंबई प्रांतातच असल्याने आपल्या भागालाही ते कायदे लागू होते. त्याआधी १९३१ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानात असाच कायदा झाला होता. पण देशभर एक नियम नव्हता.

हिंदू कोड बिल ११ एप्रिल १९४७ रोजी दाखल झाले. ९ एप्रिल १९४८ रोजी, कायदेमंडळ म्हणून बसलेल्या संविधान सभेत, कायदामंत्री बाबासाहेबांनी ते प्रवर समितीकडे पाठवण्याचा प्रस्ताव मांडला. त्या भाषणात त्यांनी लग्न मोडण्याची कारणे एकेक करून सांगितली : सोडून जाणे, धर्मांतर, रखेल ठेवणे किंवा रखेल होणे, बरे न होणारे वेड, बरा न होणारा कुष्ठरोग, संसर्गजन्य गुप्तरोग, आणि सातवे, क्रूर वागणूक.

पहिली सहा कारणे पाहिली तर ती बाहेरून दिसणारी आहेत. माणूस पळून गेला, दिसते. आजार झाला, डॉक्टर सांगतो. सातवे कारण मात्र चार भिंतींच्या आतले आहे. ते मान्य करणे म्हणजे घराच्या आत काय चालते ते विचारण्याचा अधिकार कायद्याला देणे, आणि बाईच्या सांगण्यावर विश्वास ठेवणे. सनातन्यांच्या पोटात गोळा आला तो इथेच.

विरोधकांचा मुद्दा होता की हिंदू धर्मात घटस्फोट नाही. बाबासाहेबांनी त्यांना आकड्यांत उत्तर दिले. ज्यांना तुम्ही शूद्र म्हणता त्यांच्यात घटस्फोटाची रूढी आहेच, आणि ते हिंदूंमध्ये सुमारे नव्वद टक्के आहेत. मग दहा टक्क्यांचा नियम नव्वद टक्क्यांवर लादायचा काय? म्हणजे घटस्फोट ही बाहेरची वस्तू नसून कष्टकऱ्यांची जुनी वहिवाट आहे, ती सर्व स्त्रियांना हक्क म्हणून द्यायची आहे, हा त्यांचा युक्तिवाद होता. पंचांपुढे मोडलेल्या काडीला त्यांनी देशाच्या कायदेमंडळात नेऊन ठेवले.

पुढचे आपण जाणतो. विधेयक रेंगाळले. राजेंद्रप्रसादांसारख्या मोठ्या माणसांचा विरोध होता. सप्टेंबर १९५१ मध्ये चार कलमे मंजूर झाल्यावर ते बाजूला ठेवले गेले. २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी राजीनामा दिला. या राजीनाम्याला इतरही कारणे होती, ती त्यांनी आपल्या निवेदनात मांडली आहेत. पण बायकांच्या हक्काचा कायदा मारला गेला हे त्यांतले एक मोठे कारण होते.

सातवे कारण गाळले गेले

नंतर बिलाचे तुकडे झाले आणि एकेक तुकडा कायदा झाला. हिंदू विवाह कायदा १८ मे १९५५ रोजी अमलात आला. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला डॉ. रखमाबाई वारल्या. ज्या हक्कासाठी त्या तुरुंगात जायला तयार होत्या, तो कायद्याच्या पुस्तकात आला तेव्हा त्यांच्या हातात चार महिने उरले होते.

पण कायदा आला तो अर्धाच. मूळ कलम १३ मधल्या घटस्फोटाच्या कारणांत क्रूरता नव्हती. ती कलम १० मध्ये, न्यायिक विभक्ततेसाठी ठेवली. म्हणजे छळ सिद्ध झाला तर वेगळे राहायला परवानगी, पण लग्न कायम. हुकूमनाम्यानंतर दोन वर्षे एकत्र राहणे झाले नाही तर मग घटस्फोटाचा अर्ज. ज्या बाईला रोज मार बसतो तिने आधी एक दावा जिंकायचा, दोन वर्षे थांबायचे, मग दुसरा दावा लावायचा. गरिबाच्या मुलीला हे कसे झेपणार?

शिवाय छळ सिद्ध किती करायचा? याचे उत्तर ज्या खटल्यात मिळाले तो महाराष्ट्रातलाच आहे. पुण्यातल्या दास्ताने दांपत्याचे लग्न मे १९५६ मधले. १९६२ साली नवऱ्याने दावा लावला. खालचे कोर्ट, जिल्हा न्यायालय, उच्च न्यायालय अशा पायऱ्या चढत तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९ मार्च १९७५ रोजी निकाल लागला. न्यायमूर्ती यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी त्यात दोन गोष्टी स्पष्ट केल्या. एक म्हणजे, छळाचा पुरावा खुनाच्या खटल्यासारखा तिळमात्र शंका उरणार नाही इतका लागत नाही. कोणती बाजू जास्त संभवनीय वाटते एवढे पाहायचे. दुसरे म्हणजे, आदर्श नवरा आणि आदर्श बायको कशी असावी हे न्यायालयाने पाहायचे नाही, समोर उभे असलेले हे दोघे पाहायचे. या खटल्यात दावा लावणारा नवरा होता आणि वागणूक क्रूर ठरली ती बायकोची. सातवे कारण दोघांनाही सारखे लागू आहे, हे येथे ध्यानात ठेवावे. मात्र नंतरही दोघे एकत्र राहिले, म्हणजे त्याने ते माफ केले असे धरून दावा फेटाळला गेला. तेरा वर्षे गेली आणि लग्न जिथल्या तिथे राहिले.

पुढच्याच वर्षी, २७ मे १९७६ पासून, कायद्यात दुरुस्ती झाली. क्रूर वागणूक हे घटस्फोटाचे सरळ कारण झाले. परस्परसंमतीने घटस्फोटाचे कलम १३-ब आले. पंधरा वर्षांच्या आत लग्न लावलेल्या मुलीने पंधरा ते अठरा या वयात ते लग्न नाकारले असेल तर तिला घटस्फोट मागता येईल, अशीही तरतूद झाली. अकराव्या वर्षी बोहल्यावर उभ्या केलेल्या रखमाबाईंचे म्हणणे यापेक्षा वेगळे काय होते? १९४८ साली उच्चारलेले सातवे कारण अठ्ठावीस वर्षांनी, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर वीस वर्षांनी, आपल्या जागी बसले.

आपल्या तालुक्यातले शेजारी

डहाणू-तलासरी हा भाग या बाबतीत शाळेसारखा आहे. येथे वारली, मल्हार कोळी, धोडी, दुबळा, कातकरी हे आदिवासी बहुसंख्य. चिकूच्या वाड्यांचे पारशी-इराणी मालक, किनाऱ्यावरचे मांगेला, मुसलमान, ख्रिस्ती, आणि रेल्वे, शाळा, सरकारी कचेऱ्या, वीज केंद्र यांच्या नोकऱ्यांनी येऊन स्थिरावलेली आपली बौद्ध कुटुंबे. एकाच बाजारात भाजी घेणाऱ्या या बायकांना छळाच्या कारणावरून सुटण्याचा हक्क वेगवेगळ्या साली मिळाला. मुसलमान स्त्रीला १९३९ च्या कायद्याने. हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांना १९७६ मध्ये. पारशांना घटस्फोटाचा कायदा १८६५ पासून आहे, पण क्रूरता हे कारण १९८८ च्या दुरुस्तीने नीट आले. ख्रिस्ती बाईला तर केवळ छळ पुरत नसे, नवऱ्याचा व्यभिचारही सिद्ध करावा लागे. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ही अट अन्यायाची ठरवली आणि २००१ मध्ये संसदेने कायदा बदलला. म्हणजे बाईच्या पाठीवरचा वळ एकच, पण तो दिसायला कायद्याला धर्म बघून वेळ लागला.

आदिवासींची गोष्ट आणखी वेगळी. हिंदू विवाह कायद्याचे कलम २ (२) सांगते की केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय हा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. त्यांचे लग्न आणि सोडणे त्यांच्या रूढीने चालते. वारल्यांमध्ये लग्न लावणारी धवलेरी ही बाईच असते. मुलीसाठी देज देण्याची चाल आहे. पैसा नसला तर जोडपे आधी एकत्र राहते, आणि लग्नाचा विधी पुढे सवडीने होतो. संसार मोडला तर पंचांपुढे देजाचा हिशेब होतो. बाईने सोडले म्हणून तिला कायमचे कुजवत ठेवण्याची वृत्ती या समाजात नव्हती, हे आम्हा सुधारलेल्यांनी लक्षात ठेवावे.

पण त्यांच्या बायकांना सावकाराने वेगळ्या दोरीने बांधले होते. लग्नासाठी जमीनदाराकडून थोडके पैसे घेतले की नवरा-बायको दोघेही त्याचे लग्नगडी होत आणि कर्ज फिटेपर्यंत, म्हणजे बहुधा मरेपर्यंत, त्याच्याकडे राबत. तेथे नवऱ्यापासून सुटून बाई जाणार कोठे? तिचे लग्नच कर्जात गहाण. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी येथे किसान सभेची परिषद भरली आणि शामराव व गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठ आणि लग्नगडीची पद्धत झुगारून दिली. गोदावरीबाईंच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात ही हकीकत आहे. घटस्फोटाच्या इतिहासात हा लढा कोणी धरत नाही. आम्ही धरतो, कारण कर्जाने बांधलेल्या संसारात राहणे आणि सुटणे दोन्ही आपल्या हातात नसते.

स्टॅम्प पेपरची सोडचिठ्ठी

आता आपल्या घरातले बोलू. हिंदू विवाह कायदा आपल्याला लागू होतो हे ऐकून काही बांधव चिडतात. "आम्ही धम्म स्वीकारला, मग हिंदूंचा कायदा आम्हाला कशाला?" बौद्धांसाठी वेगळा विवाह कायदा असावा ही मागणी जुनी आहे आणि तिच्यात तथ्य आहे. पण आज कलम २ प्रमाणे बौद्धांना हाच कायदा लागू आहे. आणि तो बाबासाहेबांच्या बिलातूनच निघालेला आहे, हे विसरता कामा नये.

प्रत्यक्षात काय होते? दोन्हीकडची चार माणसे बसतात, शंभर-पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर "आम्ही राजीखुशीने वेगळे होत आहोत" असे लिहितात, नोटरीचा शिक्का मारतात, आणि झाली सोडचिठ्ठी. दोघे दुसरी लग्ने करतात. हा कागद घटस्फोट नाही. कलम २९ (२) ने रूढीप्रमाणे होणारा घटस्फोट राखून ठेवला आहे हे खरे, पण ती रूढी जुनी, अखंड आणि निश्चित आहे हे न्यायालयात सांगावे आणि सिद्ध करावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीही हेच बजावले. आणि आपण तर बावीस प्रतिज्ञा घेऊन जुन्या रूढी सोडल्या. मग कोणती रूढी सिद्ध करणार?

परिणाम भोगावे लागतात ते बहुधा बाईला. पहिले लग्न कायद्याने चालू राहते, म्हणून दुसरे लग्न रद्दबातल. दुसरा नवरा वारला की पेन्शन आणि फंडासाठी पहिली बायको पुढे येते आणि आयुष्य काढलेल्या बाईच्या हाती काही लागत नाही. शिवाय जोडीदार जिवंत असताना दुसरे लग्न करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ प्रमाणे सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे.

आणि दुसरा प्रकार याहून वाईट. मुलगी मार खाऊन माहेरी येते आणि आपलीच मंडळी तिला समजावतात. "सगळ्यांच्या घरी असतंच. थोडं सोस. पोरांकडं बघ." समेट करणे वाईट नाही. कोर्टसुद्धा आधी समेट बघते. पण जीव धोक्यात असलेल्या मुलीला नांदायला पाठवणे हा समेट नव्हे, ते न्यायमूर्ती फॅरन यांचेच काम आपण पुढे चालवणे आहे. त्यांनी निदान तुरुंगाचा पर्याय तरी दिला होता.

यासाठी काही साध्या गोष्टी प्रत्येक घरात माहीत असाव्यात. घटस्फोटाचा अर्ज लग्न जिथे लागले तिथे, दोघे शेवटी जिथे एकत्र राहिले तिथे, किंवा समोरचा माणूस राहतो तिथे करता येतो. २००३ पासून बायको आज जिथे राहते तिथल्या न्यायालयातही तिला अर्ज करता येतो. म्हणजे मुंबई-नाशिकला दिलेल्या मुलीने माहेरी येऊन तारखांसाठी तिकडे खेपा घालायची गरज नाही. घरातल्या मारहाणीविरुद्ध २००५ चा कायदा आहे. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला आणि घटस्फोट न घेताही त्याचा आधार घेता येतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला, तसेच अनुसूचित जाती-जमातीच्या कोणालाही, मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. आणि पंच मंडळींनी कोणाला वाळीत टाकले तर २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात ३ जुलै २०१७ पासून अमलात आहे.

कोणाचीच चूक नसेल तर?

सातवे कारण आले तरी एक प्रश्न उरतो. छळ नाही, व्यभिचार नाही, पण दहा-दहा वर्षे दोघे वेगळे राहतात, संसार केवळ कागदावर आहे. अशा वेळी काय? विधी आयोगाने १९७८ साली आपल्या ७१ व्या अहवालात सुचवले की पुन्हा सांधता न येण्याइतका मोडलेला संसार हे स्वतंत्र कारण मानावे. २००९ साली तेच पुन्हा सुचवले. तसे विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूर झाले, पण लोकसभेत पार पडले नाही आणि बारगळले. १ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ठरवले की संविधानाच्या अनुच्छेद १४२ खाली ते स्वतः अशा कारणावरून घटस्फोट देऊ शकते. पण हा अधिकार सर्वोच्च न्यायालयाचा. डहाणूच्या बाईने त्यासाठी दिल्लीपर्यंत जायचे काय? इंग्लंडमध्ये १९६९ च्या कायद्यापासून संसार मोडला आहे हे दाखवायला बहुतेकांना जोडीदाराच्या वागण्याचे दोष कोर्टात वाचून दाखवावे लागत. ६ एप्रिल २०२२ पासून तेथे दोष दाखवण्याची अटच काढून टाकली.

बौद्ध देशाचे उदाहरण तर आणखी जवळचे आहे. श्रीलंकेतल्या कँडी भागातील सिंहली लोकांच्या १९५२ च्या विवाह कायद्यात, दोघांना सुखाने एकत्र राहता येत नाही हे घटस्फोटाचे कारण मान्य आहे आणि एक वर्ष वेगळे राहणे ही त्याची कसोटी आहे. परस्परसंमतीही मान्य आहे. बौद्ध परंपरेत लग्न हा देवाने बांधलेला संस्कार नाही, दोन माणसांनी एकमेकांना दिलेला शब्द आहे. म्हणून तेथे हे सहज बसले.

तथागतांनी सिगालोवाद सुत्तात नवऱ्याची पाच कर्तव्ये सांगितली आहेत : बायकोचा मान राखणे, तिचा अपमान न करणे, तिच्याशी एकनिष्ठ राहणे, घराचा कारभार तिच्या हाती देणे, तिला वस्त्रालंकार देणे. बायकोचीही पाच आहेत. नुसती बायकोची पाच वाचून दाखवणारे पुष्कळ भेटतात. अपमान न करणे हे अडीच हजार वर्षांपूर्वी कर्तव्य म्हणून सांगितले गेले, आणि ते मोडले तर काय करायचे, हे बाबासाहेबांनी सातव्या कारणात लिहिले. थेरीगाथेत इसिदासी थेरींची कहाणी आहे. तीन वेळा लग्न झाले, मनापासून सेवा केली, तरी तिन्ही संसार मोडले. संघाने तिला "तुझ्यातच काही खोट असेल" म्हणून दारातून परत पाठवले नाही. तिला जागा दिली, आणि ती अर्हत पदाला पोचली.

आमचे मागणे थोडके आहे. विहारात लग्न लागते तेव्हा वधू-वरांना सिगालोवादातली दहाही कर्तव्ये वाचून दाखवावीत आणि लग्नाची सरकारी नोंदणी त्याच आठवड्यात करून घ्यावी. कमिटीपुढे तंटा आला तर त्या बैठकीत निम्म्या उपासिका असाव्यात, मुलीचे म्हणणे तिच्या तोंडून, तिच्या सासर-माहेरच्या माणसांना बाहेर बसवून ऐकावे. स्टॅम्प पेपरवर सोडचिठ्ठी लिहून द्यायचे साफ बंद करावे. आणि जिला परत जायचे नाही तिच्याबरोबर विधी सेवा समितीच्या कचेरीपर्यंत दोन माणसे चालत जावीत.

नागपूरच्या हजारो बायांनी १९४२ साली हात वर करून हा हक्क मागितला. त्यांत आपल्या आज्या-पणज्याही असतील. त्यांनी मागितलेले आपल्या लेकींच्या हाती पोचते की नाही, हे आता कायदेमंडळापेक्षा आपल्या ओट्यांवर आणि आपल्या बैठकांत ठरणार आहे.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.